चिठ्ठीत निघालेला आवाज

चिठ्ठ्या टाकायची कल्पना प्रणिता थोरातची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं भिशीतल्या बायका तिलाच बोल लावायला लागल्या. कल्पना रेश्मा डांगेची. आणि रेश्माला तरी काय म्हणायचं? सहलीच्या बसमधली खिडकीची जागा असो, नाहीतर इचलकरंजीहून घाऊक आणलेल्या साड्या असोत, वाटणी आली की चिठ्ठ्या टाकायच्या आणि नशिबात निघेल ते निमूट घ्यायचं, हा कराडच्या त्या भिशीचा जुना रिवाज होता. तोंड बघून वाटलं असं म्हणायला कुणाला जागा नको!

या वेळी वाटायची होती लॅपटॉपची वाढीव वॉरंटी.

वॉरंटी संपत आलेल्या पाचजणी होत्या. कंपनीकडून वाढवून घ्यायची तर दर ऐकूनच घाम फुटायचा. रेश्माला मोबाइलवर एक विक्रेता सापडला. त्याला ना दुकान ना पत्ता, नुसतं 'कवच कट्टा' नावाचं पान आणि त्यावर हसऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो. पाच एकदम घेतल्या तर अगदी स्वस्तात देतो म्हणाला. त्यानं पाची लॅपटॉपचे नंबर मागून घेतले आणि आठवड्याभरात पाच छापील चिठ्ठ्यांवर पाच किल्ल्या पाठवल्या. किल्ली म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती लॅपटॉपमध्ये भरली की वॉरंटी लागू.

घोळ झाला तो इथं. किल्ल्यांच्या मुदती सारख्या नव्हत्या. एक चांगली पाच वर्षांची, बाकीच्या तीन नाहीतर दोन वर्षांच्या. कुठली किल्ली कुठल्या लॅपटॉपची, हे खाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं म्हणे. ते कोण वाचत बसतंय?

"सगळ्यांनी सारखेच पैसे भरलेत," रेश्मा म्हणाली, "मग एकीला पाच वर्षं आणि एकीला दोन, हा कुठला न्याय? टाका चिठ्ठ्या!"

वाटीत चिठ्ठ्या पडल्या. पाच वर्षांची किल्ली प्रणिताला निघाली आणि तिनं लहान पोरीसारखी टाळी वाजवली. शेजारी बसलेल्या उज्ज्वला माळींना तीन वर्षांची आली. उज्ज्वलाताई विट्याहून बहिणीकडं राहायला आलेल्या, भिशीत नव्या, स्वभावानं अबोल. "मला काय, कुठलीही चालतीय," म्हणाल्या आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवून दिली.

बाकीच्यांचं सोडा, प्रणिताच्या आनंदाला मात्र कारण होतं. तिच्या नवऱ्याचा अख्खा आवाज त्या लॅपटॉपमध्ये होता.

रणजित थोरात शाळेत खेळाचे शिक्षक होते, पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती कुस्तीचे निवेदक म्हणून. जत्रेच्या मैदानात त्यांनी माइक हातात घेतला की झाडावर चढून बसलेली पोरंसुद्धा गप्प व्हायची. पुढं मेंदूत गुठळी झाली आणि तो आवाज गेला. ऐकलेलं सगळं समजायचं, बोलायचं काय तेही डोक्यात तयार असायचं, पण जीभ आणि ओठ हुकूम मानेनात. उजवा हात लुळा पडला. डाव्या हातात पेन दिलं तर अक्षरंच सापडेनात. हो म्हणायला अंगठा वर, नाही म्हणायला खाली. एवढीच भाषा त्यांच्याकडं उरली.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ठशानं. आता ठसा म्हणजे काय, ते नीट सांगायला पाहिजे. माणूस मनातल्या मनात बोलला तरी त्याच्या गळ्याच्या स्नायूंपर्यंत विजेचे बारीक झटके पोचतातच, ओठ हलोत वा न हलोत. त्या दिवसांत तरुण पोरं गळ्याला पातळ पट्टा लावायची आणि तोंड मिटून लॅपटॉपवर पानंच्या पानं लिहायची. पट्टा झटके टिपायचा, लॅपटॉपमधली एक सीलबंद चिप त्यांचे शब्द करायची. पण गळा ज्याचा त्याचा, बोलायची तऱ्हा ज्याची त्याची. म्हणून चिप वर्षानुवर्षं आपल्या मालकाचं बोलणं शिकत राहायची. कुठल्या शब्दामागून तो कुठला शब्द घेतो, आईला काय म्हणून हाक मारतो, चिडला की कुठं अडतो. या सगळ्या शिकवणीला लोक ठसा म्हणायचे. झटका स्वच्छ आला तर शब्द माणसाचा. झटका पुसट आला तर ठसा आपल्या अंदाजानं जागा भरायचा, फोनवर लिहिताना पुढचा शब्द आपोआप सुचवला जातो ना, तसा. आणि हे सगळं मालकाच्याच आवाजात बोलून दाखवायचा.

रणजितरावांनी निवेदनं लिहायला म्हणून हौसेनं पट्टा आधीच घेतलेला होता. आजारानंतर ती हौस देवासारखी धावून आली. त्यांच्या गळ्यातून आता अर्धेमुर्धे झटके निघायचे, पण ठसा मालकाला ओळखून होता. तो बरोबर सांधून घ्यायचा. घरात पुन्हा मैदान गाजायला लागलं. प्रणिताची पोळी करपली की लॅपटॉप गरजायचा, "आणि पोळी चीतपट! मंडळी, पंचांनी हात वर केलाय!" ती लाटणं उगारायची आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एकच मेख होती. ठसा शिकतो तो धडधाकट गळ्याकडून. रणजितरावांचा ठसा हरवला असता तर नवा शिकवायला त्यांच्याजवळ आता गळा नव्हता. कंपनी प्रत्येक ठशाची एक प्रत आपल्या तिजोरीत ठेवायची, पण वॉरंटी चालू असेपर्यंतच. म्हणून तर प्रणिता किल्लीसाठी जिवाचं रान करत होती.

उन्हाळ्यात विजेचा दाब खालीवर झाला आणि चिप जळाली. प्रणिता घाबरली नाही. किल्ली होती ना! तिनं तक्रार नोंदवली, कुरियरवाला लॅपटॉप घेऊन गेला आणि थोड्याच दिवसांत घेऊनही आला. नवी चिप बसवली आहे, आपला ठसा सुखरूप परत ठेवला आहे, असा निरोप सोबत होता.

तिनं रणजितरावांच्या गळ्याला पट्टा बांधला. "बोला," ती म्हणाली. "इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोला."

"ए माते," लॅपटॉप म्हणाला, "पाणी दे की."

आवाज विशीतल्या पोराचा होता. किंचित घोगरा, लाडात आलेला.

प्रणिताला आधी हसू आलं. तिला वाटलं, हे काहीतरी नवं सोंग काढतायत. मग तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. रणजितरावांचे डोळे विस्फारले होते आणि डावा अंगठा खाली, खाली, सारखा खाली जात होता.

"अहो, हे काय?"

"मला काय माहीत! आई शप्पथ, मी काही केलं नाही," पोरगा म्हणाला. रणजितरावांना नुसतं 'माहीत नाही' म्हणायचं असावं. त्या पोरानं ते आपल्या पद्धतीनं सजवलं होतं.

तिनं खटकन लॅपटॉप मिटला.  पण मिटून ठेवून भागतंय का? रात्री पाठ धरली तर कुठं धरली, हे सांगायला तरी काहीतरी हवं. दुसऱ्या दिवशी तिनं पट्टा परत बांधला, कंपनीला सतरा फोन केले, प्रत्येक वेळी 'तक्रारीची नोंद झाली आहे' हेच ऐकलं. आणि तोवर ज्या माणसाबरोबर तिनं उभा संसार केला, तो तिला परक्या पोराच्या आवाजात माते म्हणत राहिला.

त्या महिन्यात भिशी तिच्याकडं होती. बायका जमल्या, गप्पा रंगल्या. प्रणिता मिसळीचा रस्सा गरम करत होती आणि आतल्या खोलीतून हाक आली.

"ए माते! पंखा लाव ना, उकडतंय."

बाहेर ताट पडल्याचा आवाज झाला. प्रणिता धावत गेली तर उज्ज्वलाताई उभ्या होत्या, साडीवर फरसाण सांडलेलं, तोंड पांढरंफटक. त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या. खुर्चीत रणजितराव बसले होते, आणि उज्ज्वलाताई त्यांच्याकडं न बघता टेबलावरच्या लॅपटॉपकडं बघत होत्या.

"हा माझा ओजस बोलतोय," त्या म्हणाल्या.

ओजस त्यांचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी महामार्गावर मोटारसायकल घसरून गेला. हे भिशीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा आवाज त्यांच्यातल्या कुणी ऐकलेला नव्हता. त्याचा लॅपटॉप आता उज्ज्वलाताई वापरत होत्या. दुकानदारानं चिप पुसून, कोरी करून त्यांच्या हाती दिली होती.

खुलासा झाला तो कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. तिथली इंजिनिअर नाझनीन मुजावर मान हलवत स्क्रीनकडं बघत राहिली, मग तिनं दोघींना बसायला सांगितलं.

"चिप पुसली तरी तिजोरीतली प्रत राहते, काकू. मालक वारला की ती वारसाच्या नावानं गोठवून ठेवतात. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आता या कवच कट्टावाल्यानं काय केलं, तुमच्या पाचही लॅपटॉपच्या प्रती कुठल्यातरी परदेशी स्वस्त योजनेत हलवल्या. प्रत्येक किल्लीखाली ज्या त्या लॅपटॉपचा ठसा. ज्याची किल्ली त्यालाच लावली असती तर कदाचित काही बिघडलं नसतं. तुम्ही अदलाबदल कशी काय केलीत?"

"चिठ्ठ्या टाकल्या," प्रणिता म्हणाली. ते शब्द उच्चारताना धरणी पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

नाझनीननं हसू दाबलं. "म्हणजे यांच्या मुलाचा ठसा तुमच्या नव्या चिपमध्ये आला. आणि सरांचा ठसा उज्ज्वलाकाकूंच्या किल्लीखाली आहे, अजून तिजोरीतच. ती किल्ली वापरलेली नाही ना? मग सर परत मिळतील."

प्रणितानं सुटकेचा श्वास सोडला. उज्ज्वलाताईंनी विचारलं, "आणि ओजस?"

"शिकताना ठसा चिपमध्ये आणि तिजोरीत दोन्हीकडं भरत जातो, पण तिजोरीतून परत बसवायचा तो एकदाच, असा कायदा आहे, कुणी कुणाचं सोंग घेऊ नये म्हणून. चिपमध्ये बसवला की तिजोरीतली प्रत नष्ट होते. चिप सीलबंद, तिच्यातून काही बाहेर काढता येत नाही. सरांचा ठसा बसवला की त्याखालचा जाईल."

"परत येणार नाही?"

"नाही, काकू."

उज्ज्वलाताईंनी पर्स छातीशी धरली आणि त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रणिताच्या घरी यायला लागल्या. दुपारची कामं आटोपून यायच्या, रणजितरावांच्या समोर स्टुलावर बसायच्या आणि लॅपटॉपशी बोलायच्या. काय बोलणं? विट्याच्या घरातला पेरू यंदा फळलाय. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पोरगा ऐकायचा, मध्येच म्हणायचा, "मग तिला सांग की, जिना चढू नको म्हणून. ऐकतीय का ती?" उज्ज्वलाताई पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या हसताना प्रणितानं आजवर पाहिलं नव्हतं.

पण प्रणिता काही बुद्दू नव्हती. उज्ज्वलाताई आल्या की रणजितराव डोळे मिटून अगदी निवांत पडतात, हे तिच्या लक्षात आलं. स्वतः काही बोलायचं नाही, गळा सैल सोडायचा. झटके पुसट झाले की जागा ठसाच भरणार. आपला गळा ते उज्ज्वलाताईंना उसना देत होते.

उज्ज्वलाताई गेल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही मुद्दाम गप्प राहता ना?"

अंगठा वर.

"आणि मी? मी कुणाशी बोलायचं? तिचं पोर गेलं, मला वाईट वाटतं, वाटत नाही असं नाही. पण माझा नवरा जिवंत आहे! जिवंतपणी का घालवू मी त्याला?"

रणजितरावांनी काहीतरी बोलायचा आटापिटा केला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. लॅपटॉप म्हणाला, "तू आहेस ना गं, माते."

"मला माते म्हणू नका!" ती किंचाळली. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून ढसाढसा रडली. बिचाऱ्यांना म्हणायचं होतं पनू. ते तिला पनू म्हणायचे. त्या पोराच्या ठशात पनू नव्हतीच.

त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला. कवच कट्ट्याचा बोजवारा उडाला होता. अनधिकृत विक्रेत्यांच्या सगळ्या किल्ल्या महिनाअखेरीस रद्द होणार आणि त्यांच्याखालचे ठसे नष्ट होणार. नवी तक्रार घेणार नाहीत. आधीच नोंदवलेल्या तक्रारी तेवढ्या त्याआधी निकाली काढणार.

तशी तक्रार एकच होती, प्रणिताची. आणि किल्ली उज्ज्वलाताईंच्या पर्समध्ये.

प्रणिता त्यांच्या बहिणीच्या घरी गेली. उज्ज्वलाताईंनी चहा ठेवला, पण कपात ओतायला विसरल्या.

"मी माझा लॅपटॉप आपटून फोडते," त्या म्हणाल्या. "माझ्यात नवी चिप बसवू दे. सर त्यात येऊ देत. तुझा मला दे."

"नवी तक्रार घेत नाहीत, ताई. मी विचारलं. हातापाया पडले त्यांच्या."

"मग नाही द्यायची मी किल्ली."

"ताई…"

"तुझे सर खुर्चीत बसलेत. तू त्यांचा हात धरू शकतेस. मी काय धरू?" उज्ज्वलाताईंचा आवाज चढला आणि तितक्याच पटकन खाली आला. "त्याच्याशी भांडले होते गं मी त्या दिवशी. कॉलेज सोडतो म्हणाला, मी नाही नाही ते बोलले. तणतणत गेला. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. समोर वाजत होता. मी म्हटलं, वाजू दे, जिरू दे जरा. वाजून वाजून बंद पडला. त्यानंतर पोलिसांचाच आला."

 प्रणिताला या बाईची दया आली आणि त्याच क्षणी तिचा रागही आला, आणि दोन्ही एकदम कसं वाटतंय याची लाजही वाटली.

"रोज येते तुझ्याकडं," उज्ज्वलाताई म्हणाल्या, "पण कशाला केला होतास फोन, हे त्याला विचारायचा धीर होत नाही. रागानं केला असला तर?"

प्रणिता रिकाम्या हातानं परत आली. रणजितरावांनी भुवया उंचावून विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. त्यांनी डाव्या हातानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी प्रणिता नवऱ्याला घेऊन कोल्हापूरला गेली. किल्ली नव्हती, तरी गेली. देव पाण्यात घालून बसण्यापेक्षा जाऊन बसलेलं बरं. नाझनीन तिच्याकडं बघायचं टाळत होती. दुपारी चारला सेंटर बंद व्हायला थोडा अवधी उरला असताना काचेचं दार ढकलून उज्ज्वलाताई आत आल्या. एसटीनं आल्या असाव्यात, केस विस्कटलेले होते.

"आणलीय," त्या म्हणाल्या. "सरांनी इतके दिवस आपला गळा दिला मला. मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? पण आधी एक विचारू दे. मग घ्या."

प्रणितानं लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. रणजितराव खुर्चीत सावरून बसले. उज्ज्वलाताई समोर बसल्या. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिल्या.

"ओजस," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी फोन केलास, तो रागानं केला होतास का रे?"

 रणजितरावांनी डोळे मिटले होते. कपाळावर घाम जमला, गळ्याची शीर तटतटून फुगली.

"नाही," लॅपटॉप म्हणाला.

उज्ज्वलाताईंनी श्वास रोखला होता तो सोडला. आणि तेवढ्यात पोरगा पुन्हा बोलला, भराभर, नेहमीसारखा घाईत.

"अगं माते, डबा राहिला ओट्यावर. भुर्जीचा. तेवढं सांगायला केला होता, मुंग्या लागतील म्हणून. उचलायचास ना!"

उज्ज्वलाताई हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. "राहिला होता," त्या प्रणिताचा दंड धरून सांगायला लागल्या, "खरंच राहिला होता गं! ओट्यावरच होता. मी अंत्यविधीहून आले तेव्हा सगळा मुंग्यांनी भरलेला."

मग त्यांनी डोळे पुसले, किल्लीची चिठ्ठी नाझनीनच्या पुढं सरकवली आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "कर बाई," म्हणाल्या. तक्रार प्रणिताच्या नावावर होती, म्हणून संमतीचा अंगठा तिचा लागत होता. तिनं तो लावला. स्क्रीनवर एक निळी पट्टी सरकत गेली आणि भरली.

"पनू," लॅपटॉप म्हणाला. भरदार, खर्जातला, मैदान गाजवलेला आवाज. "रडतेस कशाला? कुस्ती आपण मारलीय!"

प्रणितानं खुर्चीच्या हातावर डोकं टेकलं आणि हुंदक्यांनी तिचं सारं अंग हललं. पाहते तर उज्ज्वलाताई निघून गेल्या होत्या.

गाडीत रणजितराव अखंड बोलत होते. पुढं घुसणाऱ्या ट्रकवाल्याला शिव्या घातल्या, टोलनाक्यावरच्या पोरीची चौकशी केली, वाठारजवळ गाडी थांबवायला लावून रस प्यायले आणि रसाचंही निवेदन केलं. प्रणिता ऐकत होती. प्रत्येक शब्द तिला जेवणातल्या पहिल्या घासासारखा लागत होता. हा आवाज आपण कायमचा गमावणार होतो, हे आठवलं की त्यांचा पट्टा नीट बसलाय ना, ते ती पुन्हा बघत होती.

घरी पोचल्यावर दिवेलागण झाली. तिनं देवापाशी दिवा लावला, चहा केला आणि कप घेऊन त्यांच्या पायाशी येऊन बसली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तिचं मन राखलंत तुम्ही. फार मोठं काम केलंत. डब्याचं कसं काय सुचलं हो तुम्हाला?"

 एवढा वेळ बोलणारा माणूस एकदम गप्प झाला, तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

"मी 'नाही' म्हटलं," ते म्हणाले. "सगळा जोर लावून 'नाही' म्हटलं. पोरगा काहीबाही बोलेल, तिला लागेल, म्हणून त्याच्या आधी म्हटलं."

"हो, मग?"

"तेवढंच माझं, पनू. त्यावर थांबायचं होतं. मी दाबून धरत होतो त्याला. तो थांबला नाही." त्यांनी डोकं मागं टेकलं. "डब्याचं मला काय माहीत?"

प्रणिता त्यांच्याकडं बघत राहिली. पोरं गळ्यातला पट्टा कधी काढत नाहीत, मोटारसायकलवरसुद्धा. फोन वाजतोय, आई उचलत नाही, आणि सांगायचं असलेलं वाक्य गळ्याशी तयार. ओठांवर आलं नाही तरी गळ्याच्या स्नायूंनी ते उच्चारलं असणार. पट्ट्यानं टिपलं असणार. तीन वर्षं ते वाक्य तिजोरीत, मग तिच्या घरातल्या टेबलावर, ऐकणाऱ्याची वाट बघत पडून होतं. आणि आज दुपारी, ते बोललं गेल्याबरोबर, तिनं आपला अंगठा लावला होता.

किंवा तसं काही नसेलही. ठसा अंदाज बांधतो. पोरं डबा विसरतातच. तिनं स्वतःला तसं सांगून पाहिलं, पण पटेना.

फोन वाजला. उज्ज्वलाताईंचा होता.

"प्रणिता, खरं सांग," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "ते सरच बोलले ना? माझ्यासाठी?"

प्रणितानं नवऱ्याकडं पाहिलं. तोच बोलला म्हणून सांगायचं, तर आज दुपारी या बाईनं किल्ली देऊन काय केलं, तेही सांगायला लागेल. आणि आपण काय केलं, तेही.

"हो, ताई. हेच बोलले."

"पण डब्याचं कसं कळलं त्यांना? मी कुणापाशी बोलले नाही गं."

"बोलला असाल भिशीत कधीतरी. माझ्याकडून यांच्या कानावर आलं असेल."

 पलीकडून कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

"असेन," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "बोलले असेन. बरं झालं बाई. एसटीत सारखं मनात यायला लागलं, की तोच असला तर मी आज…" पुढचं त्या बोलल्या नाहीत. "सरांना सांग, उपकार झाले."

फोन बंद झाला. प्रणितानं वर पाहिलं. रणजितराव तिच्याकडं बघत होते आणि त्यांचा गळा हलायला लागला होता.

"पनू," त्यांचा आवाज खोलीभर उमटला, "तू तिला…"

तिचा हात त्यांच्या मानेमागं गेला. पट्ट्याचा काटा तिनं सोडवला आणि पट्टा काढून घेतला. आवाज मध्येच तुटला.

"आज नको," ती म्हणाली. "आज काही बोलू नका."

त्यांचे ओठ तरी हलत राहिले. पट्टा मुठीत धरून ती त्यांच्या समोर बसली होती, आणि तो परत बांधायला तिचा हात उचलेना.